ऑर्लिन येतो तेव्हा

"खोली हवी का, साहेब? स्वच्छ खोली, समुद्राचा वारा, भाडं निम्मं!"

दुपारची बोट धक्क्याला लागली होती आणि मी नेहमीसारखा गिऱ्हाईक हेरत उभा होतो. कॉकर बेटावर मोटारी नाहीत. बॅटरीवर चालणाऱ्या आमच्या उघड्या गाड्या आणि वाळूचे रस्ते, एवढंच. पाठीवर बिऱ्हाड घेतलेली पोरं उत्तरेकडून येतात. मेक्सिकोतून बस, नदीवरचा पूल, पासपोर्टवर शिक्का, पुन्हा बस आणि शेवटी ही बोट. उतरल्या उतरल्या चपला काढतात, वाळूत पाय घालतात आणि आता जन्मभर इथंच राहायचं असं एकमेकांना सांगतात. आठवडाभरात निघूनही जातात.

मला त्यांतला एक खास हवा होता. बायका नकोत, जोडपी नकोत. एकटा पुरुष हवा, उंच, खांद्यानं रुंद, आणि पिशवी जड असलेला. ज्या घरची खोली, तिथल्या नेल्डानं सकाळीच बजावलं होतं, "चॅनो, आई परवापासून नीट जेवली नाही. आज कुणीतरी आण रे बाबा."

सगळे उतरून गेल्यावर तो उतरला. दाढी अर्धी पांढरी, डोक्यावर टोपी खाली ओढलेली. इतकं वय आणि पाठीवर पोरांची पिशवी! मला हसूच आलं. पण खांदे बरोबर होते. तो फोटो काढत नव्हता, समुद्राकडे बघत नव्हता. नुसता आपल्या पायांकडे बघत उभा होता.

"निम्मं का?" त्यानं विचारलं. बोलणं अमेरिकन वळणाचं.

"बसा तर खरं, वाटेत सांगतो." मी त्याची पिशवी मागे टाकली. "काम अगदी किरकोळ आहे. घरात एक म्हातारी आहे, मिस तिला नावाची. शुगरनं डोळे गेलेत, आठवणही अधूनमधून जाते. संध्याकाळी तिच्याजवळ थोडं बसायचं. ती हात धरेल, धरू द्यायचा. म्हणेल, आलास का, ऑर्लिन? आपण म्हणायचं, आलो, आई. संपलं. तुमच्या अंगाला काही भोकं पडत नाहीत."

रस्त्यात खड्डे होते, मी ते चुकवत होतो.

"आणि खरा ऑर्लिन?"

"तो? तो बसलाय अमेरिकेत लोणी खात. गेला तेव्हा धड मिसरूडही फुटलं नव्हतं. आईला म्हणाला, नाताळला येतो. कुठल्या नाताळला, ते सांगायचं विसरला!"

"कागदपत्रांची अडचण असेल."

"होती ना. मग कळलं, कागद मिळाले. कागद मिळाले, पाय तेवढे मिळाले नाहीत वाटतं."

"पैसे पाठवत असेल."

"पाठवतो की. पण पैशांचा हात धरून बसता येतं का, साहेब?"

माझी जीभ अशीच आहे, तिला हाड नाही. समोरच्याला बरं वाटतंय की वाईट, हे बघायची मला सवय नाही. तोही टोपी आणखी खाली ओढून बसला होता.

हे सगळं कसं सुरू झालं, तेही मी त्याला सांगितलं. मिस तिलानं ऑर्लिनची खोली वर्षानुवर्षं तशीच ठेवली होती. भाड्यानं द्यायची नाही, माझा मुलगा येईल, असं म्हणायची. डोळे गेले तशी तिच्या मुलीनं, नेल्डानं, तिला न सांगता ती द्यायला सुरुवात केली. बिचारी काय करणार, एकटी पोरगी, दुखणं घरात. पुढे म्हातारीनं जेवणच सोडलं. ऑर्लिन आला की जेवू, एवढंच तिचं म्हणणं. आणि एका संध्याकाळी एक डॅनिश पोरगा जिना चढून वर आला, धपकन पिशवी टाकली. म्हातारीनं हात पुढे केला, त्याचा हात सापडला तो घट्ट धरला आणि ढसाढसा रडली. आलास रे, आलास रे, करत. पोरगा गोंधळला, पण भला होता. बसून राहिला, वर एक गाणंही म्हणाला. त्या रात्री मिस तिला नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण पोटभर जेवली आणि पुन्हा मागून घेतलं.

नेल्डा खाली माझ्याकडे आली होती, कालवणाचे हात तसेच. "चॅनो, मी आईला फसवलं रे. देव मला क्षमा नाही करायचा."

"जेवली ना?" मी म्हणालो. "मग झालं तर."

त्या एका वाक्यानं मी त्यात भागीदार झालो. मग निवडून माणसं आणायचं काम माझ्याकडेच आलं. कुणी ब्राझीलचा, कुणी झेक, एक तर जपानी. आवाज वेगळा, हात वेगळे. म्हातारीला चालायचं. दर खेपेला ती थोडी कमी रडायची, पण जेवायची.

मिस तिलाचं घर खांबांवरचं, लाकडी. जिन्याच्या तळाशी पाण्यानं भरलेलं एक घमेलं असतं. वाळूचे पाय धुवून मगच वर जायचं. ते सगळेच पाहुणे करतात, सांगितलं की. हा माणूस उतरला तेव्हा मी पिशवी काढत होतो आणि पाय धुवा, असं सांगायचं राहून गेलं. त्यानं न सांगता पाय धुतले. मग घमेलं उचललं, पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं आणि घमेलं जिन्याला पालथं टेकवून ठेवलं.

आमच्याकडे गोडं पाणी पावसाचं, टाकीत साठवलेलं. ते वाया घालवलेलं मिस तिलाला खपत नसे. पायाचं पाणी लिंबाला, ही तिची शिस्त. त्यापायी तिनं पोरांना लहानपणी कानशिलातही दिल्या आहेत. पण ही शिस्त कुठल्या पाहुण्याला कोण सांगणार?

वर कठड्याशी नेल्डा उभी होती. तिनं ते पाहिलं आणि तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. वाटेत मी काय काय बोललो ते सगळं मला एकदम आठवलं, लोण्यापासून पायांपर्यंत.

"ऑर्लिन..." मी म्हणालो.

"सांगितलंस तसंच करतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला आणि पिशवी घेऊन वर गेला.

मी मागोमाग गेलो. जायला नको होतं, पण गेलो.

मिस तिला खुर्चीत बसली होती. पिशवी फळ्यांवर पडल्याचा आवाज झाला तशी तिनं मान वळवली. "आलास का, ऑर्लिन?"

इतके परके लोक जे वाक्य सहज म्हणून गेले, ते त्याला म्हणता येईना. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आई."

"अरे, खाली काय बसतोस? आणि परवाच तर गेलास. इतक्यात आलास?"

"आई, मी आलोच नाही गं. एवढी वर्षं आलो नाही. मला माफ कर."

"हे काय भलतंच!" म्हातारी हसायला लागली. "नेल्डा, याला ऊन लागलंय बघ. सरबत दे. माफ कर म्हणे! येतोस की तू. याच्यासारखा येणारा मुलगा बेटावर दुसरा दाखव."

नेल्डानं तोंड भिंतीकडे केलं.

म्हातारी त्याचा हात चाचपत होती. "किती खरखरीत झालेत हात. गेल्या खेपेला मऊ होते. आणि ते गाणं म्हण ना."

"कुठलं गाणं, आई?"

"म्हणायचास की. जाऊ दे. आज तू बोलतच नाहीस काही."

ताट आलं. चार घास खाऊन तिनं बाजूला सारलं. "छान आहे," म्हणाली, "पण आज मजा नाही."

अंधार पडायच्या आधी आम्ही तिघं जिन्यावर बसलो होतो. नेल्डा त्याच्या खालच्या पायरीवर.

"मार मला," ती म्हणाली. "मार, नाहीतर शिव्या दे. तुझ्यासाठी तिनं साठवलं होतं ते सगळं रडू मी त्या पोरांवर खर्च करून टाकलं. तुझ्या वाट्याला काही ठेवलं नाही."

"तू का रडतेस? तू होतीस इथं."

"मला वाटलं, दोन घास जातील पोटात. तू खरंच येशील, असं मला वाटलंच नव्हतं, ऑर्लिन. हेच तर माझं पाप."

त्यानं दाढी खाजवली. "माझ्याकडे विमानाचे पैसे होते," तो म्हणाला. "कागद होते. पण विमानातून मधेच उतरता येत नाही. बसमधून येतं. म्हणून बसनं निघालो. आणि उतरलोही, वाटेत दोन-तीन गावांत. हॉटेलात छताकडे बघत पडायचो. प्रत्येक सीमेवर वाटायचं, हा शिक्केवाला म्हणेल, परत जा. म्हणजे सुटलो. एकानंही म्हटलं नाही. सगळे हसून म्हणायचे, मजा करा."

"आई ओरडेल म्हणून?" मी विचारलं.

"ओरडावं म्हणून रे. ती दार लावून घेईल, ताट फेकेल, सगळी तयारी करून आलो होतो. ती काय म्हणाली? इतक्यात आलास?" तो हसला आणि हसता हसताच रडायला लागला. "मी न येता चांगला मुलगा होतो, नेल्डा. आज पहिल्यांदा आलो, तर तिला कमी पडलो."

मी गाडीची किल्ली चाचपत बसलो. लाज वाटत होती, दुसरं काय.

तो राहिला. छताचे पत्रे बदलले, टाकीची गळती काढली, आईला उचलून आंघोळीला न्यायला लागला. सगळं अगदी आदर्श. आणि म्हातारीनं पुन्हा जेवण सोडलं. तिला घरात वावरणारा, औषध देणारा, केस विंचरणारा माणूस कळत होता. पण तो येणारा नव्हता, राहणारा होता. एकदा माझ्यासमोरच तिनं त्याला विचारलं, "बाबा, तू कामाला चांगला आहेस हो. पण माझा ऑर्लिन कधी येणार, माहीत आहे का?"

"येईल, मिस तिला," तो म्हणाला. आई म्हणाला नाही. चमचा पुसून ठेवला आणि बाहेर आला.

नेल्डा माझ्या गाडीशी आली. डोळे सुजलेले. "चॅनो, उद्याच्या बोटीवरून कुणीतरी आण. मला हे त्याच्यासमोर सांगवत नाही. पण ती मरेल रे उपाशी."

"मी नाही आणणार," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी नेल्डाला नाही म्हटलं. पण तिच्या तोंडाकडे बघून लगेच म्हणालो, "बरं, बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धक्क्यावर गेलो. बोट लागली. पोरं उतरली, हसत, धक्के देत, चपला हातात. मी एकेकाचे खांदे बघत होतो आणि माझं मलाच ओंगळ वाटत होतं. एक जर्मन दिसला, बरा होता. मी पुढे होणार, तेवढ्यात गर्दीतून पांढरी दाढी दिसली.

ऑर्लिन. टोपी ओढलेली, पाठीवर तीच पिशवी, काठोकाठ भरलेली. घरून समुद्राच्या कडेकडेनं येऊन तो उतरणाऱ्यांत मिसळला होता.

माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "खोली आहे का, साहेब?"

"आहे की," मी म्हणालो. "स्वच्छ आहे. भाडं नाही."

पिशवी उचलताना कळलं, आत शंख भरले होते, चांगले जड. वजन बरोबर होतं. तो माझ्या शेजारी बसला. मला त्याची माफी मागायची होती, त्या दिवशीच्या बडबडीबद्दल. मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "सावकाश चालव. एवढ्यात पोचायचं नाही."

मी लांबच्या वाटेनं, शाळेवरून, बाजारावरून गाडी नेली. कुणी हात केला तर तो हात करायचा नाही. तो आत्ता बेटावर नवा होता.

जिन्यापाशी नेल्डानं घमेलं भरून ठेवलं होतं. तिनं वर बघितलं नाही, त्यानंही खाली बघितलं नाही. त्यानं पाय धुतले, पाणी लिंबाला घातलं, घमेलं पालथं टेकवलं आणि तो वर गेला. शंखांचा खडखडाट करत पिशवी फळ्यांवर पडली.

"आलास का, ऑर्लिन?"

"आलो, आई."

"ये, ये. नेल्डा, ताट वाढ गं." नेल्डा धावली. मी जिन्याच्या मधल्या पायरीवरच थांबलो. म्हातारीचे हात त्याच्या चेहऱ्यावरून फिरत होते, दाढीवरून, कपाळावरून. "दमलास का रे? वाट लांबची आहे."

"हो, आई," तो म्हणाला. "फार लांबची होती."