प्रितमच्या डोळ्यांतलं काजळ

सोमवारी सकाळी साडेसहा वाजता जुन्नरच्या घरात हर्षाच्या हातातलं दुधाचं पातेलं पडलं आणि पाठोपाठ ती स्वतः. नवऱ्याने, कल्पेशने, तिला कुशीवर वळवलं. थोड्या वेळात फीट ओसरली. दर महिन्याला फीट येण्याचा हा चौथा महिना. फीटची गोळी एकदाही चुकली नव्हती.

शुद्धीवर येताच हर्षाला आठवलं ते दिराचं लग्न. पुढच्या महिन्यात प्रितम घोडीवर बसणार, आणि वरात निघण्याआधी नवरदेवाच्या डोळ्यांत काजळ घालायचं ते भावजयीने. मारवाडी घरातली ही रीत. तो मान तिला हवाच होता. पण काडी डोळ्याशी असताना हात उडाला तर?

नारायणगावच्या दवाखान्यात सासूबाईंनी, मंगलाबाईंनी, गाऱ्हाणं मांडलं. "फीट आली की ही झोपून. उठली की लगेच बाजूला बसते. मग सगळा स्वयंपाक माझ्याच गळ्यात."

"लगेच म्हणजे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एक-दोन दिवसांत," मंगलाबाई म्हणाल्या. "दर खेपेला तसंच व्हतंय. पाळीच्या तोंडावरच पडते ही."

हर्षाने मान खाली घातली. घरात शिवाशीव पाळत, त्यामुळे तिची पाळी कधी येते ते सगळ्यांना ठाऊक, फीटही ठाऊक. दोन्ही एकाशेजारी एक ठेवून कुणी पाहिलं नव्हतं. तिनेही नाही.

"प्रोजेस्टेरॉन नावाच्या संप्रेरकातून मेंदूत एक स्टेरॉइड बनतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"स्टेरॉइड? ते तर जिमची पोरं घेतात, अंग फुगवायला!"

"ते वेगळं, मावशी. हे आपल्या शरीरात आपोआप बनतं. मेंदूच्या पेशींवर त्यांना शांत ठेवणाऱ्या जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. हे स्टेरॉइड तिथे बसलं की त्यांचा जोर वाढतो, पेशी उगाच भडकत नाहीत. पाळीच्या तोंडावर ते एकदम उतरतं. हिच्या मेंदूला आधीच फीटची खोड, तिथे लगाम सुटतो."

मंगलाबाईंनी पर्समधून पाकीट काढलं. लग्नासाठी पाळी लांबवायच्या गोळ्या त्यांनी आणूनच ठेवल्या होत्या. "मग ह्याच देऊ का? दोन्ही कामं होतील."

"नको. यातलं औषध कृत्रिम आहे. पाळी लांबेल, पण यातून ते शांत करणारं स्टेरॉइड बनत नाही. फीट थांबेल असं धरून चालू नका." डॉक्टरबाईंनी पाळीच्या आसपासच्या दिवसांपुरती फीटची एक जादा गोळी लिहून दिली. "पाळी आली तरी दोन-तीन दिवस जपायचं. पुष्कळ जणींना गुण येतो. खात्री मात्र देत नाही."

"आणि लग्नादिवशीच पाळी आली तर?" मंगलाबाईंनी विचारलं.

"ते तुमच्या घरचं तुम्ही ठरवा."

परतीच्या वाटेवर मंगलाबाईंनी जादा गोळी तेवढी विकत घेतली. पाळी लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट पर्समध्येच राहिलं.

लग्नादिवशी ओझरच्या कार्यालयापुढे घोडी उभी राहिली. जादा गोळी चालू होती, फीट आली नव्हती. पाळी मात्र पहाटेच आली होती.

हर्षाने सासूबाईंना बाजूला घेतलं. "मम्मी, आज सकाळी मला..."

"मी विचारलं का तुला?" मंगलाबाईंनी काजळाची डबी तिच्या हातात कोंबली. "चल. घोडी लई ताटकळली."

"भाभी, बेतानं हं," प्रितम वाकत म्हणाला. "अस्वल करू नका माझं."

मंगलाबाईंनी तिचा कोपर खालून घट्ट धरला. उजव्या डोळ्यात काजळ घालून झालं. हर्षाने काडी पुन्हा डबीत बुडवली. डावा डोळा बाकी होता.