फॉर्म भरायला तूच आली होतीस!

"कसं काय?"

"बरंय!"

आमच्या मांगेरेच्या वस्तीत हे दोन शब्द दिवसातून हजार वेळा कानावर पडतात, आणि त्यातले निम्मे तरी खोटे असतात. मंडळी, हसू नका, तुमच्याकडेही काही वेगळं नसणार! पण एका शनिवारी हेच साधंसुधं "बरंय" आमचा दवाखाना उचलून घेऊन चाललं होतं.

त्या सकाळी आमची तोआकासे, समारंभाला आमच्यात कमरेला गुंडाळतात ती विणलेली चटई बांधत आरशासमोर उभी होती. दुपारी दोन वाजता चर्चच्या हॉलमध्ये तिला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. महामारीनंतर आमची, म्हणजे टोंगा बेटांवरून इथं येऊन वसलेली टोंगन माणसं कितपत सावरली, याचा अभ्यास विद्यापीठानं काढला होता. घरोघरी जाऊन विचारायला वस्तीतलीच बाई हवी म्हणून तोआकासेची निवड झाली. साठ घरं, साठ फॉर्म, घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढं एक खूण! निकाल एकदम चकाचक. जवळजवळ सगळे ठणठणीत! तेव्हा हॉलच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी भरणारा छातीच्या तक्रारींचा दवाखाना जिथं जास्त गरज आहे तिथं हलवावा, असं अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं. खाली तोआकासेची सही.

तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाची, फेलेतीची बायको लुसिआने दारात आली. हातात इस्त्री केलेला पांढरा शर्ट.

"ताई, हा फेलेतीचा शर्ट. गायकमंडळाला परत देशील? आज तो गाणार नाही."

"गाणार नाही? फेलेती? अगं, त्याच्या खर्जानं हॉलच्या खिडक्या थरथरतात!"

लुसिआनेनं आधी मागं वळून पाहिलं, मग हळूच म्हणाली, "एका ओळीतच दम लागतो त्याला. आठ महिने झाले, पलंगावर पाठ टेकलेली नाही. खुर्चीत बसून झोपतो. माझ्या तोंडून निघालं हे त्याला कळू देऊ नकोस हं."

तोआकासेच्या हातातली चटईची दोरी सुटली. "पण फॉर्मवर तर त्याच्या नावापुढं 'काही त्रास नाही' अशी खूण आहे! मी स्वतः केलीय!"

"ताई," लुसिआने म्हणाली, "फॉर्म भरायला तूच आली होतीस ना!"

झालं! तोआकासे तशीच चालत सुटली, ती थेट कालोलाइने आत्याच्या स्वयंपाकघरात. वडिलांची बहीण म्हणजे आमच्यात घरातलं सर्वोच्च न्यायालय. तिथून पुढं अपील नाही. आत्या अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि मांस बांधत बसली होती.

"आत्या, मी चुकले."

"ते दिसतंय. चटई उलटी बांधलीयस."

"आत्या, चेष्टा नको!" आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

आत्यानं पान खाली ठेवलं. "तू फॉर्म काढलास तेव्हा फेलेती कुठं बसला होता?"

"माझ्यासमोर. घरातले सगळे एकाच चटईवर होते."

"लहानपणी तू खोलीत आलीस की तो आपल्या रीतीप्रमाणं टीव्ही बंद करून बाहेर जायचा. आठवतं? बहिणीसोबत सिनेमा न पाहणारा भाऊ, आपली छाती कशी घरघरते ते बहिणीला सांगेल?"

"पण बोलायचं नव्हतंच. कागदावर नुसती खूण करायची होती."

"आणि कागद कोणाच्या हातात होता?"

"माझ्याच."

"बाकीच्या घरांत काय झालं?"

तोआकासेला एकेक घर आठवायला लागलं. आधी प्रार्थना. मग तिच्यापुढं घरातलं सगळ्यात चांगलं खाणं. मग घरातला थोरला माणूस म्हणायचा, "देवाच्या कृपेनं सगळे बरे आहेत." थोरला बोलल्यावर दुसरं कोण बोलणार? सगळे माना डोलवायचे आणि ती खुणा करायची. पुढच्या घरी पुन्हा तेच!

"पाहुण्याच्या ताटात आपण दुखणं वाढत नाही, पोरी," आत्या म्हणाली. "तू पाहुणी होऊन गेलीस आणि पाहुण्याला मिळतं ते घेऊन आलीस."

"मग आता काय करू?"

"उभी राहा आणि सांग, माझे साठही फॉर्म चुकले."

"नोकरी जाईल गं! याच महिन्यात कायम करणार होते!"

"जाईलही. चांगली नोकरी आहे, गेली तर मलाही वाईट वाटेल. पण दवाखाना गेला तर फेलेती दोन बस बदलून दुसरीकडं जाईल? त्याला मागच्या दारानं गुपचूप जाता येईल असा हा एकच दवाखाना आहे."

दोन वाजता हॉल खच्चून भरला. पुढच्या खुर्चीत अभ्यासाच्या प्रमुख डॉ. हॅसलेट बसल्या होत्या. सोमवारी त्या अहवाल वर पाठवणार होत्या. गायकमंडळाच्या मागच्या बाकावर, साध्या शर्टात, मान खाली घालून फेलेती बसला होता. तोआकासेनं तिकडं पाहायचं टाळलं. तिनं कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"हे साठ फॉर्म," ती म्हणाली, "सगळे चुकीचे आहेत."

हॉलमध्ये एकदम कुजबुज उठली.

"म्हणजे आम्ही खोटारडे?" एक म्हातारा गरजला.

"बरं आहे म्हटलं तर हिला पटत नाही! आता बळंच आजारी पाडणार आम्हाला!" मागून एक बाई म्हणाली आणि हशा पिकला.

डॉ. हॅसलेट उठल्या. "तोआकासे, याच्याखाली तुमची सही आहे."

"सही माझी आहे, डॉक्टर. पण उत्तरं कोणाचीच नाहीत. ती आमच्या शिष्टाचाराची आहेत! भावाला बहिणीसमोर बसवून मी त्याच्या शरीराबद्दल विचारलं. थोरल्यासमोर धाकट्यांना विचारलं. मला हे सगळं माहीत होतं, तरी विचारलं!"

"मी तीस वर्षं संशोधन करतेय. एवढ्यावर साठ घरांची माहिती फेकून देता येत नाही. पुरावा हवा."

"मग एक तास द्या!"

हा आवाज आत्याचा. ती उभी राहिली आणि कुजबुज जागच्या जागी विरली. "बायका स्वयंपाकघरात. पुरुष मागच्या गॅरेजमध्ये. पेनिसिमानी, कावाचं भांडं घे. पुरुषांना तू विचार. नाव लिहायचं नाही, ज्याला त्रास असेल त्याची फक्त एक रेघ मारायची."

कावा म्हणजे मुळांचं पेय, ते पिता पिता आमचे पुरुष गप्पा मारतात. आणि पेनिसिमानी म्हणजे निवृत्त बसचालक, वस्तीतल्या सगळ्या पुरुषांची गुपितं पोटात ठेवणारा. तो निघाला, तशा डॉ. हॅसलेटही वही घेऊन निघाल्या.

"तुम्ही इथंच थांबा," आत्यानं अडवलं. "पाहुण्यासमोर आमच्यात कोणी खोकतसुद्धा नाही!"

स्वयंपाकघरात अळकुड्या सोलता सोलता बायकांची जीभ सैल झाली. एकीनं सांगितलं, कपडे वाळत घालताना हात वर करवत नाहीत. मघाशी टोमणा मारणारी बाईच डोळे पुसत म्हणाली, "मी जिन्यात मध्येच बसते. पोरांना सांगते, चप्पल नीट करतेय." लुसिआने रेघा मारत होती.

तोआकासे नळाशी उभी राहून भांडी धूत होती. खिडकीतून दिसणारं गॅरेजचं दार मात्र बंद. दहा मिनिटं झाली, वीस झाली, आतून शब्द नाही. हॉलमध्ये डॉ. हॅसलेटनी घड्याळ पाहिलं. तोआकासेच्या मनात आलं, आतही सगळे "बरंय" म्हणाले तर? नोकरीही गेली, दवाखानाही गेला!

आणि मग बंद दाराआडून एक खोकला ऐकू आला. दाबलेला नाही, गिळलेला नाही. खोल, खर्जातला, काही केल्या न थांबणारा. तोआकासेनं तो ओळखला! तिनं झटकन नळ पूर्ण सोडला, अगदी भांडी दणदणतील इतका, म्हणजे पुढचं काही तिच्या कानावर पडू नये. पाण्याच्या आवाजाआडूनही कळत होतं, पाठोपाठ दुसरा खोकला, मग तिसरा. कोणीतरी पहिलं खोकलं होतं, आणि आता सगळ्यांना परवानगी मिळाली होती!

तासाभरानं पेनिसिमानीनं कागद आणून दिला. एकतीस पुरुषांमधल्या तेवीस जणांना अजून दम लागत होता. जुन्या फॉर्मवर हेच पुरुष मोजले तर त्रासाची खूण दोघांच्याच नावापुढं होती.

डॉ. हॅसलेटनी कागद वाचला. मग पिशवीतला अहवाल काढला आणि शेवटचं पान, सहीसकट, फाडलं.

"तीस वर्षं मी प्रश्न नीट लिहितेय," त्या म्हणाल्या. "चटई कुणी कुठं घालायची, हे एकदाही विचारलं नाही. कालोलाइने, पुढचा अभ्यास तुम्ही ठरवाल तसा करू?"

"करू की," आत्या म्हणाली. "आधी जेवून घ्या. आणि आमच्या पोरीची नोकरी?"

"तिच्याशिवाय करणार कोणाबरोबर?"

पुढच्या मंगळवारी तोआकासे हॉलवरून चालली होती. दवाखान्याच्या दाराबाहेर चपलांची रांग लागली होती. शेवटची जोडी मोठ्या मापाची होती, डाव्या पायाचा पट्टा निळ्या दोरीनं बांधलेला. ती जोडी तिच्या ओळखीची होती! ती क्षणभर थांबली, मग वळली आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेली. भावानं गॅरेजमध्ये काय सांगितलं, हे तिला आजही माहीत नाही. तिला ते माहीत असण्याची गरजही नाही.

तर मंडळी, सगळ्यांना सारखं आरोग्य हवं असेल, तर सगळ्यांना एकाच चटईवर बसवून सारखाच प्रश्न विचारून भागत नाही. ज्याला जिथं मोकळं बोलता येईल तिथं जाऊन त्याचं ऐकावं लागतं. आणि विचारलं गेल्यावर आपणही खरं सांगावं लागतं, कारण आपलं खोटं "बरंय" शेजाऱ्याचं औषध हिरावून घेऊ शकतं. लाज वाटत असेल तर तसंही सांगा. म्हणा, "इथं नको, तिकडं बसून सांगतो." पण सांगा!