पोपटाची चोच

"पोपट नुसते धुऊन भागत नाई, हर्षा. वाळल्यावर त्याइले उघडा हात लावू नोको. अन् रंगवल्यावर हरेक पोपटाले चिकटपट्टी लावून ओढून पाय," देवानंदनं बजावलं होतं.

"एक पाहिला ना. रंग एकाच डब्यातला, पोपट एकाच साच्यातले. बाकीच्याले काय शिंगं फुटतीन?" बीएस्सी झालेल्या हर्षानं नवऱ्याला उडवून लावलं होतं.

अमरावतीतल्या त्यांच्या शेडमध्ये प्लास्टिकचे पांगुळगाडे बनायचे. दांड्यावर पोपट, पोपटाला लाल चोच. साच्यातून माल सुटावा म्हणून देवानंद आत फवारा मारी. तो बुळबुळीतपणा धुऊन काढायचा आणि चोची रंगवायच्या, हे हर्षाचं काम. धुण्यात तिनं कसूर केली नाही. पण सकाळी लेकाला, पियुषला, तेलानं चोळून, न्हाऊ घालून, निजवून ती तशीच रंगवायला बसे. हात ओढणीला पुसले की झाले कोरडे.

आज पियुष पांगुळगाड्यापाशी बसला होता आणि त्याचा ओठ लाल दिसला. हर्षानं त्याला उचलून उजेडात धरलं. ओठाला नखाएवढं रंगाचं सालपट चिकटलेलं. गाड्यावरच्या चोचीचा रंग अर्धा निघालेला. तिनं खोक्यातल्या पोपटांना पट्टी लावून ओढली, तर चोचींचा रंग सोलून हातात येऊ लागला. एका सालपटाखाली तिच्याच अंगठ्याचा तेलकट ठसा होता.

"कोनाले गेले हे?" देवानंदनं विचारलं.

"दुकानात नाई गेले अजून. एक नईमाले देला, अकोल्याले. तिच्या तुबासाठी." नईमा तिची कॉलेजातली मैत्रीण. "तुबाले दात येऊन राहिले हो. जे सापडन ते चावते पोरगी."

"मंग फोन लाव ना. माह्या तोंडाकडे काय पाहून राहिली?"

नईमाचा फोन बंद. तिच्या नवऱ्याचा, शाकीबचा, वाजून वाजून थांबला. देवानंदनं मोटरसायकल काढली, पण अकोला काय हाकेवर आहे? पियुषला कडेवर घट्ट धरून हर्षानं एका हातानं स्टेटस टाकलं :

'अकोल्यात जुन्या शहराजवळ कोणी असाल तर वाचत बसू नका, निघा. शाकीब टेलरच्या दुकानामागं हिरवं दार, तिथं नईमा राहते. गाडा मागाहून उचला. आधी तुबाला उजेडात घ्या, तिचं तोंड उघडून लाल रंगाचं सालपट आहे का ते नीट पाहा. खोकत असेल तर मला फोन करू नका, सरळ दवाखान्यात न्या.'