मरून रंगाखालचे स्वस्तिक

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर आधी माझ्या रंगावर हसाल. कुठे मरून, कुठे बदामी आणि उरलेल्या जागी गंजाचा तपकिरी. मी चाळीस वर्षांची म्हातारी मोटार आहे. गारखेड्यातल्या एका घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली उभी असते. माझे इंजिन आता सुरू होत नाही, पण मला सगळे आठवते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी बदामी होते. तिथे आधी माझा पत्रा धुतला, मग त्यावर अस्तराचा थर दिला, मग रंग, मग भट्टीची ऊब. सगळे थर मिळून जाडी कांद्याच्या सालीएवढी. तुम्हाला वाटते, रंग शोभेसाठी असतो. तसे नाही. पाणी आणि पत्रा यांच्यामधली ती भिंत असते.

माझे मालक नानासाहेब. घराणे वैजापूरकडचे, शेतीवाडीचे; नोकरी शहरात, शेती खात्यात. दर रविवारी आम्ही गावी जायचो. येताना माझ्या मागच्या सीटवर बाजरीचे पोते असायचे आणि चार दिवस माझ्या पोटात कांद्याचा वास राहायचा. नानासाहेब मला सुती कापडाने पुसत, तेही स्वतःच. "हिला दुसऱ्याचा हात चालत नाही," असे ते सांगत. मला दुसऱ्याचा हात चालला असता, पण ऐकायला बरे वाटायचे.

दसऱ्याला मात्र दुसरा हात लागे, तो चतुराबाईंचा. नानासाहेबांच्या पत्नी. त्यांचे माहेर सोयगावचे. कुंकू पावसात धुऊन जाते, म्हणून त्या शेंदूर घेत आणि तो जवसाच्या तेलात कालवून माझ्या बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढत. मागच्या वर्षीचे रॉकेलच्या फडक्याने पुसून त्याच जागी नवे. त्यामुळे माझ्या अंगावर एका वेळी एकच स्वस्तिक असे. डिकीवर एक टिळाही असे.

बारा वर्षांपूर्वी चतुराबाई गेल्या. डोक्यात गाठ निघाली. निघाली तेव्हा उशीर झाला होता.

पुढच्या वर्षी घरात लग्न निघाले. दारातली गाडी जुनाट दिसू नये म्हणून त्यांच्या मुलाने, गोकुळने, लोखंडी फाटके रंगवणाऱ्या एका माणसाला बोलावले. जुना रंग घासायचा, गंज काढायचा, अस्तर द्यायचे, मग नवा रंग, ही खरी रीत. तिला पंधरा दिवस लागतात. हाताशी तीन होते.

गोकुळ त्याला म्हणाला, "सगळं कर, फक्त आईचं स्वस्तिक घासू नको."

"शेंदराला पॉलिशपेपर लावत नसतेत साहेब," रंगारी म्हणाला. "पाप लागतंय."

आता मरून बॉनेटवर बदामी चौकोन ठेवला तर विचित्र दिसणार. म्हणून त्याने हात जोडले, बॉनेट कुठेच घासले नाही आणि तेलकट स्वस्तिकावरून, डिकीवरच्या टिळ्यावरूनही, सरळ ब्रश फिरवला. घासणे पाप होते. झाकणे कोणालाच पाप वाटले नाही. खालच्या बाजूला गंजाची भोके होती. त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून पुट्टी भरली. लग्नाच्या फोटोत मी अगदी नवी दिसते.

फोटो झाले आणि मला विसरले. घरात नवी गाडी आली. माझ्या रंगाला फोड आले, फोडात पाणी शिरले, बोळे भिजत राहिले. झाकलेल्या ओलाव्यात गंजाला बरे फावते, मित्रांनो. तिथे त्याला कोणी पाहत नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये नानासाहेब काठी टेकत माझ्याजवळ आले. त्यांना काचबिंदू झाला आहे. एक डोळा गेला; दुसऱ्यातून नळीतून पाहावे तेवढेच दिसते आणि ती नळी महिन्या-महिन्याला आवळत चालली आहे. सोबत नात होती, गोकुळची मुलगी प्रेरणा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच घरी आली होती.

"तुझ्या आज्जीच्या हातचं एवढं एकच राह्यलंय," ते म्हणाले. "फोटोत ती लांब उभी. हे तिच्या बोटाचं हाये. मला दिसतंय तवर काढून दाव."

प्रेरणा घाई करणारी मुलगी नाही. तिने रंग काढायचे द्रव्य आणले आणि आधी डिकीच्या कोपऱ्यात, टिळ्यावर लावून पाहिले. हातात घड्याळ. सहाव्या मिनिटाला मरून रंग सुरकुतला. आठव्या मिनिटाला खालचा शेंदूरही विरघळून लाल ओघळ बंपरवर आला. आजीचा टिळा गेला. प्रेरणाने द्रव्याचे झाकण लावले.

"दोन्ही तेलातलेच थर आहेत, नाना," ती म्हणाली. "जे वरच्याला खातं, ते खालच्यालाही खाणार. औषधाने नाही जमणार."

गोकुळ दारातून म्हणाला, "सोड ना मग. एमएस्सी काय भंगार खरवडायला केली का?"

तेव्हा समोरच्या इमारतीचा वॉचमन कडूबा फाटकाशी आला. मेंढपाळ घरातला, चतुराबाईंच्या माहेरच्या शिवेवरचा. त्यांना तो आक्का म्हणायचा.

"ताई, आमच्या म्हसोबानं कवच सोडलं व्हतं, ठावं हाय का? शेंदराचे थर बसून बसून देव मडक्याएवढा झालता. मंग कवच आपसूक सुटलं. पर जे चिकटून राह्यलं, ते आमच्या बानं काढलं. लोखंड नाय लावायचं. उन्हानं तापू द्यायचं आन् कामटीनं उचलायचं."

"तापल्यावर का सुटतं?" प्रेरणाने विचारले.

"ते तुमी सांगा. शिकल्याली तुमी हाव."

तिने विचार केला. पत्रा तापला की पसरतो. वरचा रंग वाळून कडक झालेला, त्याला पसरता येत नाही. शिवाय तेलकट शेंदरावर तो मुळात धरलाच नव्हता. रंगाऱ्याची चूकच आता उपयोगी पडणार होती.

मग दहा दिवस दुपारी दोन ते चार हे काम चालले. मला शेडबाहेर ढकलले. बॉनेट उन्हाने तापले की पत्रा एकदम आकसावा म्हणून प्रेरणा ओले फडके ठेवी. टक् असा आवाज येई आणि कडूबा बांबूच्या कामटीने नखाएवढा टवका उचले. शेंदरात शिसे असते, म्हणून तिने दोघांच्या नाकाला रुमाल बांधले. प्रत्येक टवका ती उलटा करून पाही, त्यावर आकडा टाकी आणि डबीत ठेवी.

"पोरगी टवक्यांचं बारसं करती," कडूबा म्हणाला.

"मागं शेंदूर आला तर कळायला नको, कुठून आला?"

याच दिवसांत तिचा पेचकस माझ्या तळातून आरपार गेला. वर्तमानपत्राचा काळा लगदा खाली पडला. तिने सगळीकडे टोचून पाहिले आणि गोकुळला सांगितले, "पत्रा उरलाच नाही, पप्पा. नुसता रंग उभा आहे." त्याच संध्याकाळी गोकुळने भंगारवाल्याला फोन केला. मी कोणाला दोष देत नाही. मला रस्त्यावर नेले असते तर कोणाचा तरी जीव गेला असता.

दहाव्या दिवशी स्वस्तिक पूर्ण उघडे झाले. नानासाहेबांना खुर्चीवर आणून बसवले. तुम्ही-आम्ही स्वस्तिक एका नजरेत पाहतो आणि पुढे जातो. त्यांना तसे पाहता येत नाही. त्यांनी डोळा जवळ नेला आणि रेषेवरून इंच-इंच सरकत राहिले, मुंगी चालावी तसे.

"ही रेघ वाकडी हाये," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "इथं बोट थरथरलंय. इथं बी." मग चौथ्या बाहूपाशी थांबले. "हे अर्धंच का?"

कडूबाने प्रेरणाकडे पाहिले. "ते माझ्याच हातानं निघालं असंल, नाना. कामटी घसरली."

प्रेरणा डबीकडे पाहू लागली. तिला खोटे बोलता येत नाही आणि खरे बोलवत नव्हते.

"तिथला टवका दाव," नानासाहेब म्हणाले.

तिने डबीतून बावन्न नंबरचा टवका काढला. त्यांनी तो उलटा करून डोळ्याशी धरला. मागची बाजू स्वच्छ होती. शेंदराचा कणही नव्हता.

"म्हंजे तिनं काढलंच नाय."

मला त्या शेवटच्या दसऱ्याची सकाळ आठवत होती. सीमोल्लंघनाला गावी पोचायचे होते. चतुराबाईंचे बोट मध्येच थांबले. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि पुन्हा रेघ ओढू पाहिली. नानासाहेब स्टिअरिंगशी बसले होते. त्यांनी हॉर्न वाजवला, दोनदा. त्या दचकल्या, बोट पदराला पुसले आणि आत येऊन बसल्या. तो आवाज माझा होता. त्यांचा हात काचेपलीकडे, माझ्या बॉनेटवर, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर थरथरत होता. गाठ सापडली ती त्यानंतर तीन महिन्यांनी.

"मी हॉर्न वाजवला व्हता," नानासाहेब म्हणाले. कोणी काही विचारले नव्हते.

गोकुळ पुढे आला. "जाऊ द्या ना, नाना. हवं तर एवढा पत्रा कापून फ्रेम करू. उरलेला बाहू प्रेरणा काढील, तशाच शेंदरानं."

"नको. पुरं करू नका."

मित्रांनो, मी आता थोड्या दिवसांची सोबती आहे. मला पुन्हा रंग द्या, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात जे काही जुने असेल, त्यावर नवा थर चढवण्याआधी तळहात फिरवून पाहा. फोड असेल तर फोडा. आणि कोणी तुमच्यासाठी काही करत असेल, तर ते काम पाहाच, पण करणारा हातही पाहा.

त्या दुपारी ऊन कलले तरी नानासाहेब उठले नाहीत. त्यांनी गोकुळचा हात मागितला, डोळ्याजवळ नेला आणि एकेका बोटावरून नजर फिरवू लागले.

"काय बघताय, नाना?" गोकुळ अवघडून म्हणाला.

"हलू नको," ते म्हणाले. "बघू दे."