माझी शिट्टी ड्रॉवरमध्ये आहे

मी लाल किटली बोलतेय. खरं तर मी शिट्टीची किटली; पण शिट्टी सध्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, रबरबँड, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांच्या संगतीत. त्यामुळे माझा आवाज जरा बारीक आहे. कान देऊन ऐका.

माझा जन्म कारखान्यातला, पण मी वाढले बाजारात. इंग्लंडात लँकेशायरमधल्या एका गावच्या मंडईत लेन हॉल्डनचा भांड्यांचा गाळा होता. तिथे माल उतरवताना मी खाली पडले आणि पाठीला पोचा आला. दुसऱ्या कुणी मला भंगारात टाकलं असतं. लेनने उचललं, पोचा भिंतीकडे केला, तोटी गिऱ्हाइकाकडे केली आणि म्हणाला, "बघ, आता कशी राजकन्या दिसतेस!" धंद्याचा पहिला धडा मी तिथे शिकले. खोटं बोलायचं नाही. पण कुठली बाजू पुढे ठेवायची, ते आपल्या हातात असतं.

गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. मला उचलायची, टिचकी मारून बघायची, पोच्यावरून बोट फिरवायची आणि "छानच आहे हो, घरी विचारून येते" म्हणून जी जायची ती पुन्हा तोंड दाखवायची नाहीत. इथल्या माणसांना तोंडावर तक्रार करणं म्हणजे चारचौघांत ढेकर देण्यासारखं वाटतं. एक बाई नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन करून, काठी टेकत, घामाघूम होऊन आली. लेनने विचारलं, "काय म्हणतोय गुडघा?" बाई म्हणाली, "मजेत आहे, तुमचा कसा आहे?"

मी काही खपेना. तेव्हा लेनने मला मुलीच्या लग्नात भेट दिली. मुलगी जॅनीन, तिचा फळांचा गाळा शेजारीच. तिने कागद सोडला, मला उलटसुलट केलं आणि म्हणाली, "बाबा, खपत नव्हती ना?"

"अगं, तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवली होती!"

जॅनीनच्या शेगडीवर माझे दिवस झोकात गेले. या घरात काहीही झालं की मला चढवायचे. छत गळलं, चहा. नवऱ्याला मालट्रकवर नोकरी लागली, चहा. कुणी वारलं, चहा. आणि काय बोलावं ते सुचेना झालं, तर आधी चहा. मी अशी शिट्टी ठोकायचे की शेजारचा कुत्रा सूर लावायचा. गर्व होता मला, कशाला लपवू?

मग नेल जन्मली. ती रांगायला लागली तशी माझी शिट्टी वाजली की टेबलाखाली शिरायची. दोन्ही हात कानांवर. चहा पिऊन, कप विसळून झाले तरी बाहेर यायची नाही. एक दिवस जॅनीनने माझी शिट्टी उपटली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. विजेची किटलीही आणून पाहिली. तिचा खटका नेलला त्याहून नकोसा झाला, म्हणून ती परत गेली. तिच्या जाण्याचं मला फारसं दुःख झालं नाही.

माझ्या शिट्टीमागोमाग दाराची घंटा गेली. कपड्यांच्या मानेत टोचणाऱ्या लेबलांच्या पट्ट्या कातरल्या गेल्या. ताटात वाटाणे बटाट्याला शिवेनासे झाले. शाळेची वाट मागच्या गल्लीने वळसा घेऊ लागली, कारण पुढच्या रस्त्यावर मागे येताना पींपीं करणाऱ्या गाड्या. सगळं इतकं हळूहळू झालं की घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी आपली शेगडीवरून बघत होते. मला दुसरं काम काय?

नेल आठ वर्षांची झाली आणि शाळेत गाडं अडलं. वर्गात दिवसभर मूर्तीसारखी बसायची. बाई म्हणायच्या, "किती शांत मुलगी!" घरी आली की बूट काढायच्या आत जिन्यावर कोसळायची आणि किंचाळायची. जेवणाच्या हॉलमधला गोंगाट सोसत नाही म्हणून डबा जसाच्या तसा परत. आणि आता तर सकाळी ती दाराबाहेर पडेना.

तिला वर्गात मदतीला कुणी हवं, तर आधी शिक्षण कचेरीने तिची नीट तपासणी करायला हवी. तपासणी करायची की नाही, हे कचेरी कागद वाचून ठरवणार. शाळेने आपलं दोन ओळींत उरकलं. आता मदार आईच्या निवेदनावर. मूल कसं आहे, त्याला काय जड जातं, ते आपल्या शब्दांत लिहायचं.

रविवारी दुपारी जॅनीन टेबलाशी बसली. नेल वर आपल्या खोलीत होती. तेवढ्यात लेन आला. नेहमीसारखी खिडकीवर टकटक करून.

"वाच बघू, काय लिहिलंस."

जॅनीनने घसा साफ केला. "'आमची नेल अतिशय गुणी आणि हुशार आहे. तिला सगळ्या ग्रहांचे चंद्र पाठ आहेत. मोठ्या आवाजाचा थोडासा त्रास होतो. घरी तशी काहीच अडचण नाही.'"

"फक्कड! मी कचेरीत असतो तर लगेच पिशवीत घालून नेली असती."

"थट्टा नका करू बाबा."

"थट्टा कसली? तू मदत मागतेयस की पोरगी विकतेयस?"

"मग काय करू? मऊ पडलेली स्ट्रॉबेरी वर मांडू? तुम्हीच शिकवलंत ना, चांगली बाजू पुढे!" तिचा आवाज चढला आणि वरच्या खोलीकडे बघून लगेच उतरला. "लेक आहे माझी. परक्या माणसाला तिच्याबद्दल वाईटसाईट कसं लिहू?"

लेनला काय बोलावं ते सुचेना. म्हणजे पुढे काय होणार ते तुम्हाला कळलंच. "बस तू, चहा मी करतो," तो म्हणाला. या घरात त्याने आजवर आयताच चहा प्यायला होता. मला भरलं, जाळ मोठा केला आणि पाठ फिरवून बिस्किटं शोधत माझ्या शिट्टीची वाट बघू लागला.

मलाही जरा चेव चढला. उकळले, उकळतच राहिले. खिडकी धुरकटली. टेबलावरच्या कागदाची टोकं वळली. लेनचा चष्मा पांढरा झाला, तरी गडी आपला बिस्किट चघळत उभा.

"अगं, ही बोंबलत का नाही? माझ्याकडे होती तेव्हा मंडईच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची!"

"अहो बाबा, बंद करा, पाणी आटलं! शिट्टी नाहीये तिला. नेलसाठी काढलीय."

"कधी?"

"झाली की वर्षं."

"आणि बोलली नाहीस?"

"त्यात बोलण्यासारखं काय? दाराची घंटा काढली तेव्हा तरी कुठे बोलले? तुम्हीच आपणहून खिडकी वाजवायला लागलात."

लेन चष्मा पुसता पुसता थांबला. "मला वाटायचं, माझी सवयच आहे ती."

मग जॅनीनने स्वतःच्याच स्वयंपाकघराकडे असं बघितलं, जणू जागा भाड्याने घ्यायला आली असावी. खणांची दारं आपटू नयेत म्हणून लावलेल्या स्पंजच्या पट्ट्या. खुर्च्यांच्या पायांत घातलेले जुने मोजे. वाटाण्यांची वेगळी वाटी.

"'घरी तशी काहीच अडचण नाही,'" लेनने तिचीच ओळ वाचली. "असेल कशी? अख्खं घर पोरीच्या मापाने शिवलंयस तू. शाळेत कोण काढणार शिट्टी?"

जॅनीनने कागद फाडला. नव्या कागदावर पहिली ओळ उमटली: 'आमच्या किटलीला शिट्टी नाही.' मी फुगले. सरकारदरबारी नाव गेलेली दुसरी किटली दाखवा मला!

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. जिन्यावरचं किंचाळणं तिने लिहिलं. न उघडलेला डबा लिहिला. ज्या सकाळी दाराची चौकट धरून बसलेल्या नेलची बोटं तिने एकेक करून सोडवली होती, ती सकाळही लिहिली.

नेल खाली आली. "माझ्याबद्दल लिहितेस? वाईट?"

"तुला जड जातं ते लिहितेय, राणी."

नेल माझ्याजवळ आली. मी गार झाले होते. तिने माझ्या पाठीच्या पोच्यात अंगठा ठेवला. तो तिथे बरोब्बर बसतो. "मग हेही लिही. मला किटली आवडते. शिट्टी आवडत नाही. दोन्ही लिही."

"हिला गाळ्यावर बसव गं," लेन म्हणाला. "मालाचं खरंखरं सांगते."

जॅनीनने दोन्ही लिहिलं. सगळ्यात शेवटी घंटेच्या जागी आलेली खिडकीवरची टकटकही लिहिली.

काही आठवड्यांनी कचेरीचा होकार आला, आणि एका सकाळी तपासणीसाठी एक बाई आल्या. दाराशी आल्या, पण घंटा शोधली नाही. सरळ खिडकीशी गेल्या आणि बोटाच्या टोकाने हळूच टकटक केली. जॅनीनने दार उघडलं आणि आधी मला चढवलं. मान्य, मदत मिळायला अजून पुष्कळ कागद व्हायचेत. पण कुणीतरी तिचं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं होतं.

हल्ली माझा पोचा पुढे असतो. नेलने तसं फिरवून ठेवलंय. शिट्टीची आठवण येते अधूनमधून, नाही असं नाही. तुम्हाला मात्र एक विनंती. घरी सगळं ठीक ना, असं कुणी विचारलं, तर "हो" म्हणायच्या आधी एकदा ड्रॉवर उघडून बघा.