पावती खरी आहे

घर विकत घेणारा माणूस किती मूर्ख असतो हे बघायचं असेल तर घरपट्टीच्या खिडकीमागे बसावं. मी बावीस वर्षं बसलोय, खिडकी क्रमांक चार. हा प्राणी घर बघायला जातो तेव्हा सगळे नळ सोडून बघतो, भिंतींवर टिचक्या मारतो, शेजारचं कुत्रं भुंकतं का तेही विचारतो. व्याज पाव टक्क्याने कमी व्हावं म्हणून बँकवाल्याची महिनाभर हांजी हांजी करतो. घरपट्टी किती, हे मात्र त्याच्या डोक्यातही येत नाही. पहिलं बिल आलं की माझ्या खिडकीवर येऊन असा ओरडतो, जसं काही मीच त्याला घर घ्यायला लावलं.

माझे मेव्हणे निदान विचारणाऱ्यांपैकी होते. तेवढं श्रेय त्यांना आत्ताच देऊन टाकतो, पुढे देण्यासारखं काही नाही.

मेव्हणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. टायर कंपनीच्या ऑफिसात बसतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात कोंबतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात तक्तेवाले म्हणतो. घर घ्यायचं ठरल्यावर त्यांनी सदतीस ओळींचा रंगीत तक्ता केला. हप्ता, विमा, वीज, अगदी पडदे धुण्याचा खर्चसुद्धा. मग नातेवाइकांना जेवायला बोलावून तो भिंतीवरच्या टीव्हीवर लावला. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण तो टीव्हीवर दाखवायचा म्हणजे कमाल झाली. मी एवढंच म्हणालो की घर नवं आहे, घरपट्टीचा आकडा एकदा आमच्या ऑफिसात येऊन पक्का करून घ्या.

"दादा, तुम्ही पावत्या फाडा," ते म्हणाले. "हिशेब आमच्यावर सोडा."

सहा जण हसले. मी मोजले. बहीणही हसली, थोडीशी, पण हसली.

तिची सगळी धडपड त्या घराच्या पुढच्या खोलीसाठी होती. ती कपडे शिवते. भाड्याच्या घरात तिचं मशीन स्वयंपाकघरात, गॅसपासून दोन हातांवर. एकदा एका नवरीने लग्नाचा ड्रेस परत आणून दिला, फोडणीचा वास येतो म्हणून. बहीण त्या दिवशी जेवली नव्हती. नव्या घराची पुढची खोली रस्त्याकडे उघडत होती, खिडकी भिंतभर, उजेड संध्याकाळपर्यंत. तिथे मशीन ठेवायचं आणि दाराबाहेर पाटी लावायची, एवढंच तिला हवं होतं. हप्ता जेमतेम झेपणार होता. सदतीस ओळींच्या तळाशी जी शिल्लक उरत होती, तेवढ्यावर ती खोली उभी होती.

सह्या व्हायच्या आदल्या रविवारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. तक्तेवाल्यांनी दलालाकडून घरपट्टीची मागच्या वर्षाची पावती मिळवली होती आणि आकड्यावर पिवळी रेघ ओढून ती प्लास्टिकच्या कव्हरात घातली होती. मी ती हातात घेतली. असल्या पावत्या दिवसाला दीडशे माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे आकड्याकडे मी बघतच नाही, आधी 'वापर' हा रकाना बघतो. तिथे दोन शब्द होते: मोकळी जागा.

चहा निवायच्या आत मला सगळं कळलं. ती घराची पट्टी नव्हतीच, घर बांधायच्या आधीच्या मातीची होती. आता त्या मातीवर दोन मजले उभे होते. त्यांची नोंद झाली की पट्टी आठपट होणार, आणि नोंद होणारच, आज नाही तर वर्षाने. बँकेची पद्धत अशी की घरपट्टी ती स्वतः भरते आणि तिचा बारावा हिस्सा दर महिन्याच्या हप्त्यात मिळवते. म्हणजे हप्ताच फुगणार. पडदे धुण्याचा खर्च मांडणाऱ्या या शहाण्याला ते दोन शब्द दिसले नव्हते, कारण ते आकडे नव्हते.

"दादा, तू बघितलीस ना नीट?" बहिणीने विचारलं. "बरोबर आहे ना?"

तक्तेवाले माझ्याकडे बघून हसत होते, त्या दिवशीसारखेच.

"पावती खरी आहे," मी म्हणालो.

आमच्या खिडकीवरचं हे ठरलेलं वाक्य. लोक पावती पुढे सरकवून बरोबर आहे का म्हणून विचारतात आणि आम्ही म्हणतो, पावती खरी आहे. अर्थ एवढाच की शिक्का आमचा आहे. बाकी तुमचं तुम्ही बघा. बहिणीला हे कुठून माहीत असणार? तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला आणखी चहा ओतला.

अकराव्या महिन्यात बँकेचं पत्र आलं. नवी आकारणी, मागची थकलेली तफावत, आणि हप्ता जवळजवळ दीडपट. तक्तेवाले फाइल काखेत मारून टोकन घेऊन माझ्या रांगेत उभे राहिले. मी त्यांना आधी बोलावलं नाही. पुढच्या सगळ्यांची कामं सावकाश केली, एका म्हाताऱ्याला सुट्टे पैसे दोनदा मोजून दिले. नंबर आल्यावर ते म्हणाले की कॉम्प्युटरची चूक दिसते, मागच्या मालकाला तर एवढीशीच पट्टी होती. मी रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मागचा मालक मातीची पट्टी भरत होता. तुम्ही भिंतींच्या आत राहता."

रांग हसली. सहापेक्षा जास्तच होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तक्तेवाल्यांनी फाइलचा बंद लावायचा प्रयत्न केला, तो लागेना, तशीच उघडी फाइल छातीशी धरून ते गेले.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. का गेलो, तर चेहरे बघायला. दाराबाहेर पाटी होती, पण विमा एजंटची. पुढच्या खोलीत त्याचं टेबल, त्याचं कॅलेंडर, आणि भिंतभर खिडकीला त्याने निळा कागद चिकटवलेला. बाजूच्या बोळातून मागच्या दाराने आत जावं लागलं.

बहीण स्वयंपाकघरात शिवत होती. मशीन गॅसपासून दोन हातांवर. तयार कपड्यांवर तिने कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या चढवल्या होत्या, वास लागू नये म्हणून. तिने मला बस म्हटलं नाही. ड्रॉवरमधून ती प्लास्टिकच्या कव्हरातली पावती काढली आणि पिवळ्या रेघेच्या वर, 'वापर'च्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे तू त्या दिवशी वाचलं होतंस?"

"पावती खरी होती," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापून घेणारे पुष्कळ पाहिले. मी बहिणीचं कापलं होतं. बावीस वर्षं ज्यांना मूर्ख म्हणत आलो, त्यांच्यातल्या एकानेही हे केलं नव्हतं. मला तिच्या बोटाकडे बघवेना.

तेवढ्यात तक्तेवाले आतून आले. दाढी वाढलेली, हातात माझ्यासाठी खुर्ची.

"दादांना कशाला दोष देतेस?" ते तिला म्हणाले. "चूक माझी. त्यांना कुठून कळणार? ते बिचारे नुसत्या पावत्या फाडतात."

खुर्ची त्यांनी माझ्या मागे आणून ठेवली, धुळीवरून हातही फिरवला. हसले नाहीत. मनापासून बोलत होते. बहीण माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो त्याची वाट बघत.

"हो," मी म्हणालो. "मला कुठून कळणार?"

तिने पावती ड्रॉवरमध्ये परत ठेवली, पाय पॅडलवर ठेवला आणि मशीन सुरू केलं.