साडेदहाची सावली

बाबालालचा पोरगा झिशान नऊ दिवस बेपत्ता होता, आणि तो कुठं आहे हे कळायची एकच आशा उरली होती. ती आज सकाळी साडेदहाला डोक्यावरून जाणार होती.

झिशान गडमुडशिंगीच्या पुढं विजयसिंहच्या चोरट्या, विनापरवाना दगडखाणीत पोकलेन चालवायचा. चोवीस वर्षांचा, अंगानं दांडगा, बोलायला गोड. "पळाला असंल कुठल्यातरी पोरीसंगं," विजयसिंह म्हणाला, आणि फौजदारानं तेच लिहून घेतलं. बाबालाल दोनदा खाणीच्या फाटकावर गेला आणि दोन्हीदा मार खाऊन आला. दुसऱ्या खेपेला पुढचे दोन दात तिथंच थुंकून टाकले. पण म्हातारं भलतंच चिवट! रक्ताळल्या तोंडानं फाटकातनं ओरडून आलं, "आत सोडू नगासा! मी वरनं बघतो की!"

वरनं म्हणजे अगदी वरनं, आभाळातनं. तीस वर्षं शाहूपुरीत लोकांच्या घरावर टीव्हीचे अँटेना बसवलेला हा माणूस आता एका कॉलेजच्या गच्चीवरची डिश सांभाळत होता. कॉलेजनं बनवलेला एक छोटा उपग्रह जमिनीचे फोटो काढत पृथ्वीभोवती फिरायचा. त्याची वाटच अशी आखलेली, की दिवसा कोल्हापूरवर आला म्हणजे सकाळचे साडेदहाच्या आसपास वाजलेले असणार. त्यामुळं दरवेळी ऊन त्याच बाजूनं, सावल्याही तशाच. फोटोत काही बदललं तर ते जमिनीवरच बदललं असं समजायचं.

डोक्यावरून तो आज जाणार होता. एरवी रोज तो बाजूनं तिरपा जायचा; खाणीचा असा सरळ फोटो पुन्हा बारा दिवसांनी, आणि तोवर विजयसिंह सगळं सपाट करून मोकळा झाला असता. अन् काल कुणीतरी डिश फिरवणाऱ्या मोटारीच्या वायरी तोडून ठेवल्या होत्या.

"चाचा, मोटारीशिवाय नाही जमणार," उपग्रहाचं काम बघणाऱ्या तेजस्वी मॅडम म्हणाल्या. "तो अकरा मिनिटांत ह्या टोकाचा त्या टोकाला जातो. एकदा सुटला की सगळा फोटो जाईल."

"तुमी नुसतं आकडं सांगा. हातानं फिरवतो."

मॅडम गच्चीवरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसल्या. बाबालालनं लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डिश उत्तरेकडं वळवली. पूर्वी मालिकेच्या वेळेला बायका खालून ओरडायच्या, आलं, आलं, गेलं, तसंच आता मॅडम खिडकीतून ओरडू लागल्या.

"आला! पंधरा अंश! वीस!"

तेवढ्यात गच्चीचं दार धाडकन भिंतीवर आदळलं. विजयसिंहचा पुतण्या राजवीर आणि त्याच्याबरोबर एक आडदांड गडी. राजवीरच्या हातात पाण्याचा लोखंडी पाइप होता.

मॅडमनी खोलीची कडी आतून लावली. गडी दारावर लाथा घालू लागला. आतून आवाज आला, "चाचा, तीस! सोडू नका! मी पोलिसांना फोन लावलाय!"

पहिला पाइप पाठीत बसला. बाबालालच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण दांडा सुटला नाही.

"सोड, थेरड्या!" दुसरा बरगडीवर. आत काहीतरी मोडल्याचं त्याला स्वतःला ऐकू आलं. या अल्ला, किती दुखतं हे! "पंचेचाळीस!" मॅडम ओरडल्या. त्यानं डिश उचलली.

"काय दिसणाराय रं तुला वरनं?" राजवीरच्या तोंडाला फेस आला होता. "येळ ठावं हाय आमास्नी! धाला काम बंद. सगळी मशिनं कड्याखाली सावलीत ढकलतोय आमी. तुझा बाप आला तरी दिसायची न्हाईत!"

"येळ कुणी सांगितली?" बाबालालनं दांडा न सोडता विचारलं.

"तुज्या झिशाननं! अब्बाकडं सगळं टायमिंग असतंय म्हणला. काकांनी पाठ थोपटली त्येची!"

खरं होतं. रोज जेवताना झिशान विचारायचा, अब्बा, उद्या कधी जाणाराय? आणि हा मोठ्या कौतुकानं मिनिटासकट सांगायचा. पोराला आपल्या कामाची गोडी लागली असं वाटून छाती फुगायची त्याची.

तिसरा पाइप डाव्या हातावर आला. दोन बोटं जागेवरच चिरडली. बाबालालनं हंबरडा फोडला आणि दांडा कोपराखाली दाबून धरला.

"ऐंशी! आता दक्षिणेला, चाचा! फिरवा!"

तो डिशला मिठी मारूनच फिरला. पाठीवर पाइप पडत होता, कानातून रक्त गळत होतं, आणि डिश इंचाइंचानं निपाणीच्या दिशेला उतरत होती. साठ. चाळीस. वीस.

"मिळाला! सगळा मिळाला!"

मग बाबालालनं दांडा सोडला. पायाजवळचा मोठा पाना उजव्या हातानं उचलला आणि राजवीरच्या गुडघ्यावर असा हाणला, की वाटी फुटल्याचा आवाज आला. राजवीर खाली लोळला. बाबालाल त्याच्या छातीवर बसला आणि पाना पुन्हा उगारला. त्याला ठार मारायचं होतं. खरंच मारायचं होतं. दाराशी असलेला गडी ते बघून जिन्यानं पळत सुटला. खोलीचं दार उघडून मॅडम धावल्या आणि बाबालालच्या मनगटाला लोंबकळल्या. "चाचा, आधी फोटो बघा. झिशानसाठी बघा."

लॅपटॉपवर दोन फोटो शेजारीशेजारी होते. झिशान गायब व्हायच्या आधीच्या फोटोत खाणीच्या पूर्वेच्या कड्याखाली सावलीचा काळा पट्टा सरळ होता. आजच्या फोटोत तो पट्टा मधोमध गायब होता, आणि तिथं पांढुरक्या दगडांचा पसारा.

"सावली नाही म्हणजे कडा नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "कोसळलाय."

"आनि मशिनं तितंच ढकलत्यात," बाबालाल म्हणाला, आणि पाना त्याच्या हातातून गळून पडला.

फोटो बघून फौजदाराच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी दोन मशिनं लावून ढिगारा उपसला. चार वाजता पिवळ्या पोकलेनची केबिन दिसली. पत्र्याचा चेंदामेंदा झाला होता. आत झिशान होता. नऊ दिवसांनी काय उरलेलं असतं ते सांगत नाही, कुणा आईला ते दिसू नये. पण त्याच्या आईनं, ताजबीनं, पाहिलं. बेड्या घातलेल्या विजयसिंहच्या अंगावर ती धावून गेली, चार बायकांनी तिला मागं ओढलं.

"कुणी घातलं माज्या लेकराला त्या कड्याखाली?" ती किंचाळली. "कुणी?"

सगळ्या गर्दीनं विजयसिंहकडं बोटं दाखवली. बाबालालला गप्प बसता आलं असतं. जन्मभर कुणाला कळलं नसतं.

"ताज," तो म्हणाला, "येळ मी सांगितलीती त्येला. रोज. म्हणून मशिनं तितं लपवत हुते."

ताजबीनं त्याच्याकडं पाहिलं. मग खाली वाकून दगड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. भुवई फाटली. हवालदार मधे पडायला धावला.

"मारू द्या तिला," बाबालाल म्हणाला, आणि मोडलेला हात पाठीमागं घेऊन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.